अकरा नंबरचे बूट

८ सप्टेंबर २०१३, रविवार

बूट अकरा नंबरचे आहेत. उन्मेषचा पाय नऊ.

उद्याच्या गणपतीसाठी चौरंग काढायला बेसमेंटमध्ये गेले होते. उन्मेषच्या खोलीतल्या कपाटात तो असतो. चौरंगाच्या पुढ्यात एक खोका. आत वाळूच्या रंगाचे, घोट्याच्या वर चढणारे, जाड तळाचे बूट. स्नोचे नव्हेत — इथे चौदा विंटर काढलेत, स्नोचे बूट मला कळतात. हे वाळवंटातले. टीव्हीवर त्या युद्धातली पोरं घालून फिरतात तसले.

विचारलं तर म्हणाला, "ॲड्रियनचे आहेत, मॉम. हायकिंग."

हायकिंग! आणि लहानपणापासूनचा मित्र असला म्हणून काय, त्याच्या घरी कपाट नाही?

ते युद्ध चाललंय त्या देशाचं नाव इथे लिहीत नाही. तिथल्या ज्या संघटनेबद्दल हे दोघं कुजबुजत असतात तिचं तर नाहीच. ती इथल्या सरकारच्या दहशतवादी संघटनांच्या यादीवर आहे, मी नेटवर पाहिलं आणि पाहिल्यावर ती पानं पुसून टाकली. आता पुसली म्हणूनच जास्त भीती वाटते.


९ सप्टेंबर

गणपती बसला. उन्मेष आरतीला वर आला नाही. "आय डोंट डू दिस एनीमोर." रवींद्र म्हणाला, सोड गं, वीस वर्षांचा घोडा झालाय. मी मोदक खाली नेऊन ठेवले. ॲड्रियन तिथेच बसलेला! एका शब्दाने बोलला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला आणि उन्मेषने मोदक उचलल्यावर मग त्याने उचलला.

मुळात बोलत नाही हा मुलगा. असली गप्प माणसं मला आवडत नाहीत, आत काय शिजतंय ते कळतच नाही.


१० सप्टेंबर

दीड दिवसाच्या गणपतीचं बादलीत विसर्जन झालं. उन्मेष नाही. "पुढच्या वर्षी लवकर या" त्याच्या वाटचंही मीच म्हटलं.


१४ सप्टेंबर, शनिवार

मंडळाचा गणेशोत्सव. वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक मीच, दर वर्षीप्रमाणे. नऊ-दहा वर्षांची पोरं. मराठी अडखळत, उच्चार कॅनडाचे, पण उभी राहतात बिचारी. सगळी माझ्याच रविवारच्या शाळेतली. तीच तीन वाक्यं मी वर्षानुवर्षं घोकून घेते — सगळ्यांकडे नाही, एकाच माणसाकडे बघून बोल, बाकीच्यांना आपोआप वाटतं आपल्याशीच बोलतोय. महत्त्वाच्या शब्दाआधी थांब. किती थांबायचं? अंगठा टेबलावर दोनदा — टक, टक — आणि मग शब्द. आणि शेवटी आवाज चढवायचा नाही, उतरवायचा. लोक पुढे वाकून ऐकतात.

उन्मेषने ओळीने पाच वर्षं पहिला नंबर काढला होता. बाराव्या वर्षी पाणी वाचवण्यावर बोलला तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. पाण्यावर! पद्मजाताई, पोरगा कोणालाही काहीही पटवेल हो, असं सगळे म्हणायचे. मी घरी येऊन दृष्ट काढायचे.

ॲड्रियनही त्याच वर्गात होता. त्याच्या आईने, आन्नाने, आणून सोडलं — वसईचं मराठी निदान कानावर तरी राहू दे म्हणाली. एकदाच स्टेजवर उभा केला. "माझं नाव" इतकं म्हणाला आणि थिजला. मग पळत वॉशरूममध्ये. उन्मेषने जाऊन त्याला समजावून बाहेर आणलं. तेव्हापासून याची सावलीच झाला तो. वडील, मॅथ्यू, चार वर्षांपूर्वी अचानक गेले, आई हॉस्पिटलात नाइट शिफ्ट करते. घरात धाक कोणाचा? त्यातून ते वसईचे लोक... असो. लिहायला नको, पण मनात येतंच.


१७ सप्टेंबर

खाली धुणं लावायला गेले तर उन्मेषच्या खोलीचं दार बंद. आत खालच्या आवाजात बोलणं. शब्द कळेनात. थोड्या वेळाने ॲड्रियन बाहेर आला, डोळे लालभडक. मला बघून "हाय, मावशी" म्हणाला आणि गेला.

रडून दाखवतोय! रडून रडून माझ्या मुलाला ओढतोय तिकडे. उन्मेष भोळा आहे, कोणाचं दुःख बघवत नाही त्याला. परवा जेवताना म्हणाला, तिकडे मुलं बॉम्बखाली मरतायत, मॉम, आणि आपण कंडो फ्लॅट्सचे भाव बोलतोय. हे त्याचे शब्द नाहीत. कोणीतरी भरवलेले आहेत.




१९ सप्टेंबर

आज नंदनला गाठलं. मंडळाचा माणूस, वकील आहे, इमिग्रेशनची कामं करतो, पण कायदा तर माहीत असणार. म्हटलं, कामावर एक बाई आहे, तिच्यासाठी विचारतेय. तिच्या मुलाला कोणीतरी असल्या संघटनेत ओढतंय. ओढणाऱ्याला काय शिक्षा?

"रिक्रूट करणं म्हणजे त्यांच्या कामात भाग घेणंच. मॅक्सिमम दहा वर्षं. आणि जा, अमुक कर, असं सांगितलं तर जन्मठेपसुद्धा. जुलैपासून नवीन पण आलंय — नुसतं जायला निघालं तरी गुन्हा."

"आणि ज्याला ओढलं त्याचं काय?"

"तो नुसताच ऐकत असेल, तर त्याला साक्षीदार करतात बऱ्याचदा. बऱ्याचदा म्हणतोय हां, पद्मजाताई."

मग म्हणाला, एक गोष्ट चांगली आहे, पोलिसांच्या मनात आलं म्हणून असा खटला उभा राहत नाही. ॲटर्नी जनरलची संमती लागते. प्रांताचे किंवा केंद्राचे, कोणाचीही चालते. पण ती सही नाही, तर केस नाही.

मला इतकं बरं वाटलं! म्हणजे वर कोणीतरी जाणती माणसं आहेत, नीट बघून सही करतात, त्यांना कळेल कोण ओढणारा आणि कोण ओढला गेलेला. घरी येऊन देवापुढे हात जोडले. म्हटलं, त्या साहेबांच्या हातात लवकर पेन दे.

निघताना नंदन म्हणाला, "त्या बाईला म्हणावं, उशीर करू नको." माझ्याकडे बघून म्हणाला. कळलं असेल त्याला.


२४ सप्टेंबर, मंगळवार

केला पोलिसांना फोन. लंचमध्ये गाडीत बसून. मी क्लिनिकच्या रिसेप्शनवर दिवसभर लोकांना "हाऊ मे आय हेल्प यू" म्हणते, आणि आज पलीकडून तेच कोणी म्हणालं तर तोंडातून आवाज फुटेना! ॲड्रियनचं नाव सांगितलं. पत्ता सांगितला. आन्नाच्या हातची सॉर्पोटेल, डुकराच्या मटणाची, रवींद्रने किती वेळा खाल्ली आहे त्या पत्त्यावर.

रवींद्रला सांगितलं नाही. त्याला बीपी आहे.


२६ सप्टेंबर

डिटेक्टिव्ह हॉलंड म्हणून एक बाई आहे. माझ्याच वयाची, केस पांढरे, नखं अगदी कापलेली. मराठी माणूस दिसणार नाही अशी जागा हवी म्हणून वॉन भागातल्या गोदामांमधलं कॉफी शॉप मीच सुचवलं. आजूबाजूला सगळे ट्रकवाले.

बुटांचं सांगितलं. बंद दाराचं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही आलात हे चांगलं केलंत. माझ्या मुलाला काही होणार नाही ना, असं मी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी म्हणाली, "राइट नाऊ, ही इज अ विटनेस."

राइट नाऊ. येताना चारशे सात हायवेवर माझं एक्झिट चुकलं, डोक्यात तेच.

घरी येऊन पाहिलं तर कपाटात बूट नाहीत. ॲड्रियन घेऊन गेला असणार.


२९ सप्टेंबर, रविवार

आन्ना आली! हातात डबा — फुगे, त्यांच्याकडचे ते तळलेले गोड गोळे, गरम गरम, रुमालात गुंडाळलेले. सोफ्यावर बसली, नाइट शिफ्टने डोळे सुजलेले.

"पद्मजाताई, ॲड्रियन जेवत नाही गो. बोलत तर तो कधीच नव्हता. चर्चला येत नाही. काय चाललंय त्याच्या डोक्यात, उन्मेषला विचार ना. तो तुझ्या उन्मेषचंच ऐकतो. बाप गेल्यापासून त्याचंच ऐकतो."

मी म्हटलं, विचारते हं. चहा केला. आलं घातलं की नाही तेही आठवत नाही. ती गेल्यावर फुगे तसेच ओट्यावर. उन्मेष वर आला आणि उभ्या उभ्या चार खाल्ले. "वॉव, आन्ना आंटी?"


२ ऑक्टोबर

हॉलंडला फोन केला. सही झाली का? नाही. असं विचारायचं नसतं म्हणाली.


१० ऑक्टोबर

हॉलंडचा फोन आला, त्यांच्याकडे एक रेकॉर्डिंग आहे. ते म्हणजे नेटवरून पोरांना गुपचूप पाठवतात तसलं काही. कोणीतरी बोलतंय, इथल्याच मुलांना "या" म्हणतंय. पण आवाज मशीनने जाड केलेला, ओळखू येत नाही. ॲटर्नी जनरलच्या ऑफिसने विचारलंय, हा कोण ते सांगा, मगच संमतीचं बघू. हॉलंड म्हणाली, आवाज बदलता येतो, बोलण्याची ढब नाही बदलत. तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. मंगळवारी याल?

येईन म्हटलं. एवढं झालं की सुटलो.


१४ ऑक्टोबर, सोमवार

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. आज उन्मेषने चहा केला. स्वतःहून! तिघांनी एकत्र बसून प्यायला. रवींद्र पानगळ बघायला जाऊ म्हणत होता, नाही गेलो. उन्मेष मांडीवर लॅपटॉप घेऊन हसत होता, अगदी पूर्वीसारखा.

मध्येच म्हणाला, "आई, माझे ते स्पीचचे कप्स कुठेयत?"

वर माळ्यावर आहेत, काढू का?

"नाही गं. असंच. यू टॉट मी वेल, यू नो."

इतक्या दिवसांनी मराठीत "आई" म्हणाला. उद्याचं काम नीट व्हावं, एवढंच. हा मुलगा मला परत हवाय.


१५ ऑक्टोबर

लिहिलं नाही तर वेड लागेल.

छोटी खोली. टेबल, पाण्याचे ग्लास, हॉलंड आणि एक तरुण ऑफिसर. हेडफोन नव्हते, स्पीकर. आवाज खरंच घोगरा, विहिरीतून आल्यासारखा. इंग्लिशमध्ये. सुरुवातीला मी डोळे मिटून ॲड्रियनला शोधत होते.

तो आवाज म्हणत होता, तुझ्या आईचे हात तुला माहीत आहेत ना. तिकडे एक आई त्याच हातांनी ढिगारा उपसतेय. मी सगळ्यांशी बोलत नाहीये. तुझ्याशी बोलतोय. फक्त तुझ्याशी.

एकाच माणसाकडे बघून बोल.

नाही म्हटलं, असं कोणीही बोलेल. मग तो म्हणाला, "यू ऑलरेडी नो द आन्सर. यू आर जस्ट —"

टक. टक.

"— अफ्रेड."

आणि शेवटचं वाक्य. आवाज उतरवला. तो तरुण ऑफिसर नकळत स्पीकरकडे पुढे वाकला! मी बघितलं. हॉलंडही वाकली. मीही.

माझा मुलगा. माझा उन्मेष. पाचव्या इयत्तेत मी त्याचा अंगठा धरून टेबलावर टेकवला होता, असा, असा, दोनदा. कोणी त्याला भरवलं नव्हतं. तोच भरवत होता. बूट ॲड्रियनचेच होते, हो — पण घेतले यानेच असणार, त्याच्या मापाचे, त्याला घालून पाठवायला. लाल डोळे, मोदक उचलण्याआधी वाट बघणं, आन्ना म्हणाली ते... सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी उलटं वाचत होते.

हॉलंडने विचारलं, "डू यू नो हू दिस इज?"

मी "येस" म्हटलं.

"इज इट ॲड्रियन?"

जन्मठेप म्हणाला होता नंदन. दहा वर्षं, नाही तर जन्मठेप. मला उन्मेष दिसला, वीस वर्षांचा, मग तीस वर्षांचा, काचेच्या पलीकडे. आणि मी म्हटलं, येस.

"आर यू शुअर?"

"आय टॉट हिम."

शिकवलं होतं दोघांनाही. तेवढंच खरं.


१६ ऑक्टोबर

ॲड्रियनला स्वतःचं नाव सांगता आलं नव्हतं स्टेजवर. त्याच्या तोंडी मी हे भाषण घातलं.


१८ ऑक्टोबर

उन्मेषशी बोलायचं ठरवून खाली गेले. त्याने खुर्ची दिली. म्हटलं, तू काही चुकीचं तर करत नाहीस ना रे? तो माझ्याकडे बघत राहिला — एकाच माणसाकडे — आणि अगदी हळू म्हणाला, "मॉम, यू ट्रस्ट मी, राइट?"

आणि मी मान हलवली. खरंच, क्षणभर पटलंसुद्धा मला!

वर येऊन जिन्यातच बसले. ज्याची भीती वाटावी तो आपलाच, तर पळायचं कुठे?


२२ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी आन्नाचा फोन. रडणं आधी, शब्द नंतर. "पोलीस आले गो, पद्मजाताई. ॲड्रियनला बेड्या घातल्या. सगळं उलटंपालटं केलं. वाळूच्या रंगाचे बूट सापडले म्हणतात, मी कधी बघितलेपण नव्हते."

मी म्हटलं, देव आहे ना आन्ना. कुठल्या तोंडाने म्हटलं!

उन्मेषला सांगितलं. तो खिडकीपाशी गेला. मग विचारलं, "हू टोल्ड देम?"

मला काय माहीत, म्हटलं.


२५ ऑक्टोबर

रवींद्रला सांगितलं. सगळं. रेकॉर्डिंगचंही. त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "केलंस ते केलंस. आता गप्प राहा." आणि मग, "त्या पोराचं काय गं?"

दोघंही आता खालच्या जिन्याकडे बघत जेवतो.


२७ ऑक्टोबर

आन्ना भेटून आली त्याला. ॲड्रियन तोंड उघडत नाही. वकिलाशीही नाही. उन्मेषचं नावसुद्धा काढलेलं नाही.

मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, हे लिहून ठेवते. निदान इथे तरी खोटं नको.


३१ ऑक्टोबर, गुरुवार

कोर्टात गेले. आन्नाने हात धरून विनवलं, मला ते इंग्लिश कळत नाही कोर्टातलं, तू शिकलेली, तू मराठीत सांग. नाही कसं म्हणणार?

ॲटर्नी जनरलची संमती आली. वाचून दाखवली. ज्या सहीसाठी मी देवापुढे बसले होते ती सही! आन्ना माझं मनगट दाबत होती — काय म्हणाले, काय म्हणाले? मी सांगत गेले. यादीवरच्या संघटनेसाठी माणसं गोळा करणे. किती, किती? म्हटलं, दहा वर्षांपर्यंत. तिने क्रॉस केला आणि बाकावर टेकली. तिच्या स्वेटरला फुग्यांच्या तेलाचा वास येत होता.

ॲड्रियन काचेमागे. आणखी बारीक झालेला. त्याने मला बघितलं. ओठ हलले — "मावशी". आणि मग मान हलवली, अगदी थोडी, नाही नाही अशी. मला धीर देत होता! काळजी करू नका, मी उन्मेषचं नाव घेणार नाही, असं सांगत होता मला.

वॉशरूममध्ये जाऊन ओकले. आन्ना बाहेर पाण्याची बाटली घेऊन उभी.


१ नोव्हेंबर

हॉलंडला फोन लावला. रिंग वाजली. ठेवला.


३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी. आणि चमत्कार! उन्मेषने सकाळी उटणं लावून घेतलं. मागच्या वर्षीचा कुर्ता घातला, लक्ष्मीपूजनाला वर बसला, आरती म्हटली, एकही कडवं चुकला नाही. चकली खाताना रवींद्रला म्हणाला, "बाबा, विंटर टायर्स लवकर लावा हं." मग आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी पाठीवरून हात फिरवला, किती वेळ फिरवला.

ॲड्रियन पकडला गेला त्याचा धसका बसला असणार. शहाणा झाला. सुटला तो त्यातून. आन्नाच्या मुलासाठी चांगला वकील बघू, नंदनला विचारू, सगळं हळूहळू निस्तरता येईल. आज कितीतरी दिवसांनी भीती नाही वाटली.


४ नोव्हेंबर

चौरंग परत ठेवायला खाली गेले. उन्मेष नाही. पासपोर्ट नाही. कपाटात अगदी मागे दुसरा खोका. रिकामा. खोक्यावर नंबर नऊ.

हॉलंडला फोन केला. रवींद्र शेजारी उभा होता, त्यानेच नंबर लावून दिला. सांगितलं — तो आवाज माझ्या मुलाचा. मी खोटं बोलले. ॲड्रियनला सोडा. उन्मेषला विमानात चढू देऊ नका. ती म्हणाली, तुम्हाला कळतंय ना, त्याच्यावर काय चार्ज लागेल? म्हटलं, कळतंय. दहा वर्षं. जन्मठेप. काचेमागे का होईना, दिसेल तरी. तुमच्या ॲटर्नी जनरलना म्हणावं, सही लवकर करा.